मॅडमना मॅडमच म्हणा

"मॅडमना मॅडमच म्हणा. दुसरं काही म्हणू नका आणि घरच्या कोणाला म्हणू देऊ नका." माझ्या आधी मॅडमकडे काम करणारी मुलगी किल्ल्या सोपवताना मला म्हणाली होती. कुठल्या कपाटाचं दार उचलून लावावं लागतं, कुठल्या खिडकीची कडी सैल आहे, पाणी कधी जातं, हे सगळं तिने भराभर सांगितलं आणि मग जिन्यात, अर्धवट चपला घातलेल्या असताना, मागे वळून ही सूचना दिली. मला वाटलं, मॅडमना मानपान जास्त लागत असेल. विद्वान माणसांचं असतं तसं. मी मान हलवली आणि विषय तिथेच सोडला.

काम मला मनासारखं मिळालं होतं. इतिहास घेऊन पदवी केली, मग लग्न झालं, मग मुलगी. मधली वर्षं दुपटी, लसी आणि अर्धवट झोपेत गेली. घरासमोरच्या संशोधन संस्थेला मॅडमचं समग्र लेखन खंडांमध्ये काढायचं होतं. जुन्या छायाचित्रांखाली ओळी लिहायला आणि शेवटची सूची करायला कोणीतरी हवं होतं. मॅडम राहायच्या संस्थेच्या आवारातच, मागच्या गेटाला लागून असलेल्या दुमजली घरात. आमची पिवळी इमारत त्या गेटासमोर. रस्ता ओलांडला की कामावर. दुपारी मुलीला सोबत आणलं तर चालेल का, असं मी भीतभीतच विचारलं. मॅडम म्हणाल्या, चालेल की, मुलं असलेलं घर मला फार आवडतं.

मुलीला आम्ही ठकी म्हणतो. नुकतीच शाळेत जायला लागली होती. मी जात्याच काळजीखोर. ती झोपली की छाती वरखाली होतेय ना ते बघणारी, पायरी दिसली की आधी हात धरणारी. सासूबाई म्हणायच्या, "हिचं चाललं तर ही पोरीला कापसात गुंडाळून कपाटात ठेवेल आणि वर किल्ली गिळून टाकेल." सासूबाई आमच्याकडेच राहायच्या. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे त्यांना मी 'अहो आई' म्हणायचे ते नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे. आमचं भांडणही चांगलं रंगायचं. मी कामाला लागले तेव्हा त्यांनी मॅडमची सगळी माहिती काढून घेतली आणि भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माणसांवर एवढी पुस्तकं लिहिली तुझ्या मॅडमनी. त्यांना भेटायला एक तरी माणूस येतं का गं?"

येत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मॅडमचं नाव मानववंशशास्त्रातही मोठं आणि इतिहासातही. त्यांच्या पिढीतले बाकीचे अभ्यासक ग्रंथालयात बसून लिहीत होते, तेव्हा त्या डोंगरातल्या मेंढपाळांकडे, नदीवरच्या नावाड्यांकडे, मीठ पिकवणाऱ्यांच्या वस्तीवर जाऊन राहायच्या. पाहुणी म्हणून नाही. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरच्या माणसाला कोणी खरं सांगत नाही. म्हणून आधी घरात नातं घ्यायचं. कोणाची तरी बहीण व्हायचं, कोणाची सून, कोणाची आत्या. आणि त्या जागेवर बसून मग घर समजून घ्यायचं. ही पद्धत कॉलेजात आम्हाला अभ्यासाला होती. परीक्षेत मी भरभरून लिहिलं होतं, की या पद्धतीत माणसाविषयीचा ओलावा आहे.

त्यांच्या घरात वाळलेल्या कागदाचा आणि कापराचा वास असायचा. मोठ्या मेजाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्या. सत्तरी उलटलेली, पण ताठ बसायच्या. ऐकताना मान किंचित कलती करायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या, डोळ्यांकडे नाही. ठकी मेजाखाली बसून रिकाम्या रिळांशी खेळायची. खूप शांत जागा होती. मला ती आवडायला लागली होती, हेही सांगितलं पाहिजे.

छायाचित्रं घराघरांप्रमाणे पाकिटांत लावलेली होती. पहिलं मी नावाड्यांच्या घराचं पाकीट उघडलं. सगळ्यात जुन्या फोटोत एक दार, दारासमोर सगळं कुटुंब, आणि कडेला तरुण मॅडम, खांद्याला पिशवी अडकवून, परक्या माणसाने उभं राहावं तशा अंग चोरून उभ्या. मधोमध रुंद नाकाची एक बाई बसलेली, मांडीवर गुटगुटीत बाळ. शेवटच्या फोटोत तेच दार, तीच माणसं. मूल थोडं मोठं झालेलं. आता मधोमध मॅडम बसल्या होत्या आणि मूल त्यांच्या मांडीवर होतं. रुंद नाकाची बाई कुठेच नव्हती.

मी विचारलं, ही बाई कोण?

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. "त्या घरातली मोठी सून."

"मग या दुसऱ्या फोटोत ती दिसत नाही?"

"दिसते की," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या तरुण चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ही काय मोठी सून."

विद्यार्थ्याला सोपी गोष्ट समजावून सांगावी तसं हसून म्हणाल्या. हे अभ्यासकांचं बोलणं असेल, असं समजून मी पुढे गेले. पण मेंढपाळांच्या पाकिटात पहिल्या फोटोत लांब वेणीची एक बहीण होती, ती शेवटच्या फोटोत नव्हती. मिठागरवाल्यांकडे एक पोक आलेली आत्या होती, तीही नव्हती. माणसं मरतात, लग्न होऊन जातात, हे मला कळत होतं. अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीने. शेवटच्या फोटोंमध्ये घरची माणसं मॅडमच्या अंगावर रेलून बसलेली होती. कोणी खांद्यावर हनुवटी टेकवलेली, कोणी त्यांच्या पदराला हात पुसताना टिपलेलं. पाहुण्याच्या अंगावर असं कोणी रेलत नाही.

त्या दिवसांतलीच एक दुपार. मॅडमनी संत्र सोललं आणि मेजाखाली हात घालून ठकीला फोड दिली. ठकीने ती घेतली आणि तोंडात घातली. मी कामातून मान वर न करता म्हणाले, "असं घेतात का नुसतं? आजींना थँक्यू म्हण."

एवढंच. कुठल्याही आईच्या तोंडून निघेल ते. लहान मुलाला 'मॅडमना थँक्यू म्हण' असं आपण सांगतो का कधी? आपल्याला बसमधला कंडक्टर काका असतो आणि दुकानातली बाई मावशी असते. म्हातारं माणूस दिसलं की आजी. मला त्या जिन्यातल्या मुलीची आठवणसुद्धा झाली नाही.

"थँक्यू आजी," ठकी म्हणाली.

मॅडमनी संत्र खाली ठेवलं. त्यांची मान कलती झाली. "परत म्हण," त्या म्हणाल्या.

ठकीला गंमत वाटली. ती परत म्हणाली, मग परत. घरी जाईपर्यंत म्हणत राहिली.

संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ठकीला हाक मारली. ठकी त्यांच्या बाजूने आत निघून गेली, रागाने नाही, फुरंगटून नाही. खुर्चीला वळसा घालावा तशी. सासूबाई मला म्हणाल्या, "काय शिकवून आणलंस गं पोरीला?" मी हसले. खेळत असेल, म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने चहा केला आणि त्यांचा कप काढला नाही. त्या ओट्याशी उभ्या होत्या. तो त्यांच्या अंगावरून हात लांब करून साखरेचा डबा घेऊन गेला. विसरला असेल. ऑफिसात काम फार होतं त्याला, त्या स्वतःच म्हणाल्या.

पण त्यांचं बोलणं कमी होत गेलं. टोमणे बंद झाले, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली. ठकीसाठी त्या गोष्ट सांगायला बसायच्या आणि ठकी मधेच उठून जायची. शेजारीण आली, तिने मला विचारलं, तुम्ही घरात तिघंच ना? सासूबाई तेव्हा तिच्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

ती गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. हातातली भाजी तशीच होती.

"मला एकदा हाक मार बरं," त्या म्हणाल्या.

"अहो आई, काय झालं?"

त्यांनी डोळे मिटले. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यायल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "मारत जा मधूनमधून," म्हणाल्या, आणि उरलेली भाजी निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा त्या नव्हत्या. नवरा सुट्टीवर होता, घरातच. सासूबाईंच्या खोलीत पलंगावर इस्त्रीचे कपडे पसरलेले. कपाटात त्यांच्या साड्यांच्या जागी आमच्या जादा चादरी. मी नवऱ्याला विचारलं, आई कुठे आहेत? देवाशपथ, मी साध्या आवाजात विचारलं.

तो वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, "कुठे म्हणजे? समोर, स्वतःच्या घरी. तू आत्ता तिथूनच आलीस ना?"

तो चेष्टा करतोय असं वाटलं, पण त्याला अशी चेष्टा करता येत नाही. मग तो म्हणाला, "खरं तर आईला इकडेच आणायला हवं आता. या वयात एकटी राहते ती, बरं दिसतं का?"

मी खाली उतरले. कुठे जाणार? पोलिसांकडे जाऊन काय सांगणार, की माझ्या नवऱ्याला त्याची आई माहीत नाही? त्या आधीच्या मुलीला शोधलं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वाचनालयात काम करत होती. मला बघून तिने हातातली पुस्तकं खाली ठेवली. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "काय म्हटलं?"

"आजी. मुलीने. माझ्या सांगण्यावरून."

तिने मला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. मग सांगितलं, की ती मॅडमना प्रेमाने ताई म्हणायची. "आमच्या घरी एक पलंग आहे," ती म्हणाली, "त्यावर कोणी झोपत नाही. माझी आई दर आठवड्याला त्याची चादर बदलते. कोणासाठी, ते तिलाही सांगता येत नाही आणि मलाही नाही." याहून जास्त तिच्याकडे काही नव्हतं. मला मात्र सासूबाई आठवत होत्या. त्यांच्या हातावरचा भाजल्याचा डाग, जिना चढताना पायऱ्यांना शिव्या देण्याची सवय, सगळं. का, ते मला माहीत नाही. मी मॅडमना कायम मॅडमच म्हणत आले होते. ते सूचना पाळायची म्हणून नव्हे, नोकरीतली सवय म्हणून. एवढाच फरक मला सापडतो.

मी काम सोडलं. ठकीला रस्त्याच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. त्याच आठवड्यात नवरा एका हातात मोठी बॅग आणि दुसऱ्या हातात मॅडमचा हात धरून घरी आला. मॅडम सासूबाईंच्या खोलीत गेल्या, इस्त्रीचे कपडे उचलून त्यांनी घडी करून ठेवले आणि पलंगावर बसून इकडेतिकडे पाहिलं. नवीन वस्तीवर पहिल्या दिवशी त्या अशाच बघत असतील.

नवरा खाली उतरल्यावर मी त्यांना विचारलं, सासूबाई कुठे आहेत?

"मी कोणाला काढत नाही," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खोटेपणाही नव्हता. "घरच जागा देतं. मला बोलावतात, मी बसते. आयुष्यभर मी तेवढंच केलंय."

"आमच्या घरातून जा तुम्ही."

"बहीण झाले, सून झाले, आत्या झाले. आता आजी झाले," त्या म्हणाल्या. "मांडीवर मुलं घेतली, पण कुठल्याच लेकराने मला आई म्हटलं नाही. तो खंड राहिलाय."

मी ठकीला उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन कडी लावली.

त्यानंतर मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही. आंघोळीला गेले तरी तिला बाथरूमच्या दारात पाटावर बसवायचे. शाळेत सोडायचे आणि फाटकाबाहेरच थांबायचे. नवरा म्हणाला, तुला विश्रांतीची गरज आहे, आई आहे ना बघायला. तो दिवसभर मॅडमना आई म्हणायचा. आई, चहा घेतेस? आई, चष्मा कुठे ठेवलास? मी मॅडमवर डोळे रोखून बसले होते. त्या ठकीला काय शिकवतात, तिच्या कानात काय सांगतात, याच्यावर. त्या काहीच सांगत नव्हत्या. मान कलती करून बसून असायच्या.

घरात बाप ज्याला जे म्हणतो तेच मूल म्हणायला लागतं, हे मला माहीत नव्हतं का? सगळ्यांच्याच घरी होतं ते. आपण हसतो त्यावर.

मी ठकीला भरवत होते. भरल्या तोंडाने तिने मान वळवली. माझ्याकडे नाही.

"आई, पाणी," ती म्हणाली.

चमचा माझ्या हातात होता. मॅडम उठल्या, पाणी घेऊन आल्या, पेला तिच्या ओठांना लावला आणि दुसऱ्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मी नाही हं शिकवलं," त्या मला म्हणाल्या. खरंच होतं ते.

मी ठकीला दोन्ही खांद्यांना धरलं. मला हाक मार, म्हणाले. मला काय म्हणतेस तू? सांग. ती हसली. मग माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं आणि ती अंग मागे घ्यायला लागली, गर्दीत अनोळखी माणसाने हात धरल्यावर मुलं घेतात तसं.

नवऱ्याने माझे हात सोडवले. सावकाश, सभ्यपणे. "असं करू नका हो," तो म्हणाला.

तो मला अहो-जाहो कधीच करत नसे.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. डोकं थंड ठेवायचं, असं स्वतःला सांगितलं. मुलीला घेऊन निघायचं, माहेरच्या गावी कोणाकडे तरी जायचं. रिक्षा थांबवून ठेवावी म्हणून मी खाली उतरले. तेवढ्यासाठीच उतरले. रिक्षा मिळाली, तिला थांबायला सांगितलं आणि वर आले.

दार लावलेलं होतं. बेल वाजवली.

नवऱ्याने दार उघडलं, साखळी न काढता. फटीतून माझ्याकडे बघितलं. "कोण हवंय?"

त्याच्या मागे मॅडम उभ्या होत्या. कडेवर ठकी. इतक्या मोठ्या मुलीला त्या वयाच्या बाईला उचलता येऊ नये, पण त्यांनी अगदी सहज घेतलं होतं. ठकीने हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली होती.

"आई," ती मॅडमच्या कानाशी म्हणाली, "ह्या काकू रडतायत."

हे होऊन फार दिवस झालेले नाहीत. मी कुठे राहते ते लिहीत नाही. राहते असं म्हणता येईल का, तेही सांगता येत नाही. दुकानात मी बोलते तेव्हा लोक थोडं उशिरा वळून बघतात. गेटावरचा रखवालदार आधी मला हाकलायचा, आता हाकलतही नाही. मी समोरच्या फुटपाथवर उभी असते. तिथून आमची गॅलरी दिसते.

आज सकाळी मॅडमनी ठकीला गॅलरीत आणून खुर्चीवर बसवलं. शेजारणीने काहीतरी विचारलं. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, आणि ते मला रस्त्यावर स्पष्ट ऐकू आलं, "किती शहाणी झालीय बघा. सकाळपासून जागची हलली नाही. रडणं नाही, हट्ट नाही, खायलासुद्धा मागितलं नाही."

ठकीला ताप चढतो तेव्हा ती रडत नाही. गप्प बसते. गाल लालही होत नाहीत. बघणाऱ्याला मूल शहाणं वाटतं, आणि मग एकदम डोळे फिरवते, हातपाय ताठ होतात. हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं आणि मी सासूबाईंना. तिसऱ्या कोणाला ते माहीत नाही; नवरा अशा वेळी नेहमी ऑफिसात असायचा. मी ओरडले. रस्त्यावर दोघंतिघं थांबले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते चालायला लागले. वर जाऊन दार वाजवलं, तर आतून कोणी उठलंसुद्धा नाही.

ती अजून खुर्चीवरच आहे.

तुम्हाला ती संस्था माहीत असेल तर मागच्या गेटासमोर पिवळी इमारत आहे. गच्चीखालचा मजला, गॅलरीत निळा फ्रॉक वाळत घातलेला. काहीही कारण सांगा, मीटर बघायला आलोय म्हणा, पत्ता चुकला म्हणा. आत गेलात की त्या म्हाताऱ्या बाईंना मॅडमच म्हणा. आणि जाता जाता, सहज लाड केल्यासारखं, ठकीच्या कपाळाला हात लावून बघा.